ट्रॅक्टर घेण्याआधी डीलर पारखा: नाशिकच्या शेतकऱ्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग पोंग्यात (नवी फूट निघत असताना) किंवा फुलोऱ्यात असताना रात्री पाऊस झाला, तर सकाळी डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी टाळता येत नाही. अशा वेळी बागायतदार दिवसातून दोनदाही ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं फवारणी यंत्र, फिरवतात. नेमका त्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर खरेदीच्या वेळी घासाघीस करून सोडवून घेतलेले दहा-पंधरा हजार कोणाला आठवत नाहीत. आठवतो तो एकच प्रश्न: फोन कोणाला करायचा, आणि तो आज येईल का?

ट्रॅक्टर घेताना आपण एचपी, लिफ्ट, मायलेज, किंमत यावर महिनाभर चर्चा करतो आणि डीलरची निवड मात्र 'ओळखीचा आहे' एवढ्यावर उरकतो. माझं मत उलटं आहे. आज बाजारातल्या नामांकित कंपन्यांचे त्याच एचपीचे ट्रॅक्टर एकमेकांपेक्षा फार डावे-उजवे नाहीत. कामाला बसणारी दोन-तीन मॉडेल एकदा ठरली की त्यांतलं कोणतं घ्यायचं हे डीलरवर ठरवावं. ते कसं, हे खाली क्रमाने दिलं आहे. किंमत मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे.

१. आपले अडणारे दिवस आधी लिहून काढा

डीलरकडून कसली सेवा लागणार, हे पिकावर ठरतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याचा छोटा ट्रॅक्टर रस्त्यावर फारसा धावत नाही, पण पीटीओवर (अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) तासन्‌तास एका आरपीएमला चालतो. त्यात ब्लोअरच्या औषधाचं धुकं रेडिएटरच्या जाळीवर, वायरिंगवर आणि रिमवर बसतं. गंधक आणि ताम्रयुक्त औषधांनी वायरचे जोड हिरवे पडतात, रेडिएटर धुळीने आणि चिकट्याने बुजतो आणि इंजिन तापतं. त्याला इलेक्ट्रिकचं काम जाणणारा मेकॅनिक हवा. लासलगाव, येवला, चांदवडच्या कांदेवाल्याला रोटाव्हेटर आणि ट्रॉली अशी दोन्ही कामं असतात. त्याचं लिफ्ट, क्लच आणि ब्रेकचं दुखणं आधी निघतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातवाल्याचा ट्रॅक्टर चिखलणीत अर्धा बुडतो, तिथे ऑइल सील आणि एक्सलमध्ये शिरणारं पाणी हा मुख्य त्रास. बागलाणात तर अर्ली छाटणीमुळे द्राक्षाचा हंगामच बाकीच्यांच्या दोन-तीन महिने आधी सुरू होतो.

म्हणून एका कागदावर लिहा: वर्षातले कोणते आठवडे असे आहेत, की ट्रॅक्टर एक दिवसही बंद राहून चालणार नाही? पुढचे सगळे प्रश्न त्या आठवड्यांबद्दल विचारायचे आहेत.

२. डीलर कोण आणि सब-डीलर कोण

तालुक्याच्या गावात बोर्ड मोठा असतो, दारात तीन नवे ट्रॅक्टर उभे असतात, म्हणून तो अधिकृत डीलर असेलच असं नाही. काही जण फक्त बुकिंग घेतात, बिल दुसऱ्याच्या नावाने निघतं आणि सर्व्हिसला त्या दुसऱ्याकडे पाठवतात. यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण आपल्याला आधी कळलं पाहिजे. सरळ विचारा: "बिल कोणाच्या नावाने होणार? वॉरंटीचं काम याच जागी होणार का?" उत्तराची खातरजमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर करा. तिथे तालुका सांगितला की अधिकृत विक्री आणि सर्व्हिसची ठिकाणं सांगतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मेकॅनिकच्या तासांत मोजा. पिंपळगाव बसवंतला वर्कशॉप असलेल्या डीलरचा माणूस आसपासच्या गावात तासाभरात पोचेल. सुरगाणा किंवा पेठला नाशिकहून मेकॅनिक निघाला, तर घाट चढून-उतरून जाण्या-येण्यात त्याचा निम्मा दिवस जातो, आणि एक पार्ट विसरला तर दुसरा दिवस. डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्याने जवळच्या वर्कशॉपच्या कंपनीला झुकतं माप द्यावं, मग मॉडेल मनातलं दुसऱ्या नंबरचं का असेना.

३. शोरूमच्या मागे जा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक तोच टाळतात. शोरूममध्ये चहा मिळतो, हार घातलेला ट्रॅक्टर दिसतो, पण डीलर कळतो तो मागच्या शेडमध्ये. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी जाऊ नका. त्या गर्दीत कोणालाच तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. हंगामातल्या साध्या दिवशी सकाळी दहा-अकराला जा आणि "जरा वर्कशॉप बघू द्या" म्हणा. कोणी आढेवेढे घेतले, तर तेही उत्तरच आहे.

शेडमध्ये काय बघायचं? आधी उभे असलेले ट्रॅक्टर मोजा आणि त्यांच्या चाकांखाली बघा. चाकांभोवती गवत उगवलंय, सीटवर धुळीचा थर आहे, बोनेट उघडं ठेवून वर पोतं टाकलंय, असे दोन-तीन ट्रॅक्टर दिसले तर ते पार्टसाठी खोळंबलेत असं समजा. मालक शेजारी असेल तर विचारा, किती दिवस झाले. मग जॉबकार्ड बघा. चांगल्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला किंवा फळ्यावर कार्ड अडकवलेलं असतं. त्यावर तारीख, अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं याचा) आकडा, तक्रार आणि काम करणाऱ्याचं नाव असतं. कार्डच नसेल, तर उद्या तुमची तक्रार कुठे नोंदली होती याचा पुरावाही नसेल.

डिझेल पंप किंवा हायड्रॉलिक उघडलं असेल तर ते कुठे ठेवलंय तेही बघा. स्वच्छ ट्रेमध्ये, झाकून ठेवलंय की मातीच्या फरशीवर? इंजेक्टरमध्ये कचऱ्याचा कण गेला तर काय होतं, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको.

फोरमनशी दहा मिनिटं बोला. सेल्समन दर दोन वर्षांनी कंपनी बदलतो. फोरमन टिकून असेल तर वर्कशॉप टिकून असतं. त्याला विचारा: किती मेकॅनिक आहेत, त्यांतले शेतावर जाणारे किती, त्यांच्याकडे गाडी कोणती, रविवारी कोण असतं, आणि तुमच्या कागदावरच्या अडलेल्या आठवड्यात रोज किती कॉल येतात. "चोवीस तास सेवा आहे भाऊ" हे उत्तर ऐकून घ्या, पण मोजू नका. "दुपारी एकपर्यंत फोन आला तर त्याच दिवशी, नंतर आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी" असं सांगणारा माणूस जास्त खरा.

५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर घेत असाल तर आणखी एक प्रश्न आहे. १ जानेवारी २०२३ पासून या गटाला ट्रेम स्टेज ४ चे प्रदूषण नियम लागू झाले आणि इंजिनात सेन्सर, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. बिघाड शोधायला कंपनीचं स्कॅन यंत्र किंवा लॅपटॉप लागतो, चौकातल्या मिस्त्रीचा कान तिथे पुरत नाही. ते यंत्र या वर्कशॉपमध्ये आहे का आणि ते चालवणारा माणूस कोण, हे नाव घेऊन विचारा.

४. पार्टच्या काउंटरवर यादी ठेवा

विक्रीच्या टेबलावर "सगळे पार्ट मिळतात" असंच ऐकू येतं. त्यामुळे विचारणा पार्टच्या काउंटरवरच करायची. यादी अशी असू द्या: ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, फॅन बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, सेल्फ, पुढच्या एक्सलचे सील, लिफ्टची सील किट, पीटीओ शाफ्टचे सील. तुमच्याच मॉडेलचं नाव सांगा. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर नंबर टाकून "सात आहेत, दोन नाहीत, एक जुन्या मॉडेलचा आहे" असं सांगितलं, तर काउंटर चांगला आहे. पहिली तीन फिल्टर कोणीही ठेवतो. खरी परीक्षा वॉटर पंप आणि सीलची.

नसलेला पार्ट कुठून येतो आणि किती दिवसांत, हेही विचारा. छोट्या बागायती ट्रॅक्टरच्या बाबतीत जास्त खोदून विचारा. काही कंपन्यांचं असं मॉडेल एखाद-दुसरंच असतं, आणि त्याचे पार्ट मोठ्या ट्रॅक्टरला चालत नसल्याने डीलर साठा कमी ठेवतो.

छापील किंमत बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुट्या भागांवरचा करही १८ वरून ५ टक्के झाला. कोणी अजून जुन्या दराने हिशेब मांडत असेल तर तिथेच थांबवा.

५. मार्केटमध्ये जाऊन जुन्या गिऱ्हाइकांना गाठा

डीलर तुम्हाला ज्यांचे नंबर देईल ते खूश गिऱ्हाइकच असतात. सोयरिक जमवताना जशी आडून चौकशी करतात, तशी इथेही करायची. आपल्याकडे त्यासाठी लासलगाव, विंचूर, पिंपळगावच्या कांदा लिलावासारखी दुसरी सोय नाही. ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या असतात, लिलावाला वेळ असतो, माणसं मडगार्डवर बसून गप्पा मारत असतात. बहुतेक ट्रॅक्टरवर डीलरचं नाव लिहिलेलं किंवा स्टिकर असतं. आपल्या पसंतीचं मॉडेल, त्याच डीलरचं, आणि दोन-तीन वर्षं जुनं असलेलं शोधा. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्याला विचारून उपयोग नाही, त्याचा हनिमून अजून चालू असतो.

"ट्रॅक्टर कसा आहे?" असं विचारू नका. त्यावर जो तो आपला ट्रॅक्टर चांगलाच म्हणतो, कारण पैसे त्याने घातलेत. विचारा असं: "दादा, शेवटचा कधी बंद पडला? कोणाला फोन केला? कितव्या दिवशी चालू झाला? बिल किती झालं, आणि वॉरंटीत बसलं का?" चार-पाच जणांच्या उत्तरांतून डीलरचं चित्र उभं राहतं. एखाद्याचं भांडण झालेलं असेल तर त्याचं एकट्याचं फार मनावर घेऊ नका. तीच तक्रार तिघांकडून आली तर मात्र घ्या.

६. डेमो आपल्या रानात, आपल्या अवजारावर

शोरूमच्या आवारात फेरी मारणं म्हणजे डेमो नव्हे. आपल्या बागेतल्या आठ-नऊ फुटी ओळीत, आपल्या ब्लोअरला टाकी भरून जोडून चालवा. मांडवाखाली किंवा 'वाय' (Y) आकाराच्या आधारावरच्या फांद्यांत सायलेन्सर अडतो का, बांधावर एका दमात वळतो का, टाकी भरलेली असताना चढावर पुढची चाकं हलकी होतात का, आणि तासाभराने तापमानाचा काटा कुठे असतो, ते बघा. सेल्समन इंजिनची एचपी सांगतो. ब्लोअरला मिळते ती पीटीओची, आणि ती त्याहून कमी असते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता असते. तो अहवाल डीलरकडे मागा. देतो की "त्याची काय गरज" म्हणतो, यावरून बरंच कळतं. डेमोला सांगितलेल्या दिवशी आला का, हेही लक्षात ठेवा. विकण्याआधी जो तीन वेळा तारीख बदलतो, तो विकल्यावर काय करेल?

७. आता किंमत, आणि सगळं लेखी

दोन डीलरकडून कोटेशन घ्या, दोन्ही सारख्या रकान्यांत. ट्रॅक्टरची मूळ किंमत, जीएसटी, विमा, पासिंगचा खर्च, आणि सोबत काय मिळणार: हूक, बंपर, टॉप लिंक, हिच, छत, टूल किट. "ते देऊन टाकू हो शेठ" हे वाक्य कोटेशनवर उतरलं नाही तर डिलिव्हरीच्या दिवशी हूकचे पैसे वेगळे लागतात. फ्री सर्व्हिस किती, त्यात मजुरीच फुकट की ऑइल-फिल्टरही, मेकॅनिक शेतावर आला तर जाण्या-येण्याचं काय घेणार, हेही त्यावरच लिहून घ्या. तुमच्या अडलेल्या आठवड्यात किती वेळात माणूस येईल, हे लेटरहेडवर लिहून सही देणारा डीलर मिळाला तर चार-पाच हजार जास्त गेले तरी मी त्याच्याकडून घेईन.

वॉरंटीची वर्षं ऐकून हुरळून जाऊ नका. कंपन्या पाच-सहा वर्षं सांगतात, पण सोबत तासांची मर्यादा असते आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल ते धरतात. बऱ्याचदा पहिली वर्षं पूर्ण ट्रॅक्टरची आणि पुढची फक्त इंजिन-गिअरबॉक्सची असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची. त्यांचा दावा डीलर करून देणार की तुम्हीच धावायचं, ते ठरवून घ्या.

कर्जाचं थोडक्यात: डीलरच्या टेबलावरची फायनान्स कंपनी झटपट पैसे देते, पण आधी आपल्या बँकेचा व्याजदर आणि सहामाही हप्ता विचारून या. विमाही बाहेरून घेता येतो. अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड आणि पूर्वसंमती आधी, बिल नंतर. हा क्रम उलटा झाला की अनुदान गेलं. "बिल करून ठेवू, नंतर बसवू" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका आणि पोर्टलचा पासवर्ड त्याच्या हाती देऊ नका. निवडलेलं मॉडेल अनुदानाला पात्र आहे का, तेही अर्जाच्या वेळीच तपासा.

८. डिलिव्हरी: नारळ फोडण्याआधी एक तास

मुहूर्ताची घाई असते, घरची मंडळी आलेली असतात, पेढे वाटले जातात, आणि तपासणी राहून जाते. म्हणून आदल्या दिवशीच जाऊन बघा.

चेसिस आणि इंजिनचा नंबर बिलाशी स्वतः ताडून पाहा, मोबाइलवर फोटो काढा. फॉर्म २१ म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. गेल्या सालचा ट्रॅक्टर या सालच्या भावाने येत नाही ना, हे तिथे समजतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ असेल तर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर बघा, पुढचे नवे आणि मागचे वर्षभर उन्हात उभे असलेले असं होऊ शकतं. बॅटरीचा नंबर वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. अवर मीटर बघा. काही तास चाललेले असणं स्वाभाविक आहे, पण आकडा मोठा असेल तर तो डेमोचा ट्रॅक्टर आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि एअर क्लीनरचं ऑइल तुमच्यासमोर तपासायला लावा. ट्रॅक्टर सुरू करून पंधरा मिनिटं चालू ठेवा, लिफ्टवर वजन उचलून तसंच ठेवा, आणि खाली फरशीवर थेंब पडतोय का पाहा. कंपनीची डिलिव्हरीपूर्व तपासणीची यादी असते, तिची सही केलेली प्रत मागून घ्या.

पासिंग एमएच १५ ला की मालेगावच्या एमएच ४१ ला, हे तुमच्या पत्त्यावर ठरतं. कागद आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हे डीलरचं काम आहे. त्याची तारीख लिहून घ्या, आणि ट्रॉली घेत असाल तर तिचं पासिंग वेगळं असतं हे विसरू नका.

९. पहिले ५० तास आणि पुढची शिस्त

पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. नव्या इंजिनातून, गिअरमधून निघालेला धातूचा बारीक कीस त्या ऑइलबरोबर बाहेर जातो, म्हणून ती "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून ढकलायची नसते. पुस्तकात तासांचा तक्ता असतो, तो पत्र्याच्या पेटीत न ठेवता घरात भिंतीवर लावा. प्रत्येक वेळी जॉबकार्डची प्रत घ्या आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते वाचा. "जनरल चेकअप" एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे काही कामाचं नसतं. वॉरंटी असेपर्यंत गावातल्या मिस्त्रीला इंजिन, पंप, गिअरबॉक्स उघडू देऊ नका. तो डीलरच्या माणसापेक्षा हुशार असला तरी सील तुटलं की कंपनी हात वर करते.

सर्व्हिसची वेळही आपण निवडायची. द्राक्षवाल्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वर्कशॉप मोकळं असताना, रेडिएटर आतून-बाहेरून धुऊन, बेल्ट, वायरिंग आणि क्लच तपासून घ्यावं. छाटणी सुरू झाल्यावर सगळे एकदमच फोन करतात. आपला हंगामच आधी असलेल्या बागलाणकरांनी हे काम मे महिन्यात उरकावं. दोन डिझेल फिल्टर आणि एक फॅन बेल्ट घरात ठेवलेला असावा. हे पार्ट बदलायला मेकॅनिकची वाट बघायची वेळ येऊ नये.

१०. डीलरने हात झटकले तर

फोनवर भांडून काही होत नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, तास, बिघाड आणि फोटो टाका. मग कंपनीच्या टोल फ्रीवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. कंपनीचा एरिया मॅनेजर किंवा सर्व्हिस इंजिनिअर जिल्ह्यात फिरत असतो, त्याचं नाव-नंबर खरेदीच्या वेळीच मागून ठेवलेला बरा. तक्रार वर गेली की डीलरचा आवाज बदलतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

तरीही काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि नाशिकला जिल्हा ग्राहक आयोग आहे. स्वतःच्या शेतीसाठी, उपजीविकेसाठी घेतलेला ट्रॅक्टर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवरच्या तक्रारीला फी नाही. ट्रॅक्टर त्याच्या वरचा असेल तर थोडी फी लागते. तक्रारीची मुदत २ वर्षं. तिथे तुमच्या बाजूने बोलतात ती जॉबकार्डं, लेटरहेडवरचा शब्द आणि ते व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज.

निकाल लागेपर्यंत ट्रॅक्टर बंद ठेवायची गरज नाही. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काम करून घेता येतं. मात्र आधी त्यांना फोन करून "बाहेरचा ट्रॅक्टर घ्याल का" हे विचारा, कारण हंगामात ते स्वतःच्या गिऱ्हाइकाला पुढे घेतात. येवल्याच्या माणसाने नाशिकपर्यंत येण्यापेक्षा कोपरगावला विचारावं, मालेगावच्याने धुळ्याला.